घरच्या माणसाचा नमुना

शामकाकांना ओळखायचं असेल तर त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख बघावं. बाकीची नखं नीट कापलेली, स्वच्छ, रोज देवपूजा करणाऱ्या माणसाची असावीत तशी. अंगठ्याचं तेवढं मुद्दाम वाढवलेलं आणि कडेनं काळं पडलेलं. दमयंतीकाकू त्या नखावरून त्यांना लग्न झाल्यापासून बोलत आल्या. काकांनी बायकोचं बाकी सगळं ऐकलं, नखाचं ऐकलं नाही.

ते नख म्हणजे त्यांचं हत्यार होतं. आमच्या प्रवरा नेमबाजी मंडळात कुणीही रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांच्या टेबलापाशी आलं की काका आधी रिव्हॉल्व्हरकडे बघायचेच नाहीत. हात पुढे करायचे आणि म्हणायचे, “नमुना.” म्हणजे तू जी गोळी मारणार आहेस त्याच पेटीतली एक माझ्या तळहातावर ठेव. मग ती गोळी चिमटीत धरून तिच्या टोकावर अंगठ्याचं नख दाबायचे. नख उमटलं तर नुसतं शिसं. घसरलं तर वर तांब्याचं कवच आहे, म्हणजे जॅकेटवाली. तपासलेला नमुना मग स्पर्धा होईपर्यंत टेबलावरच्या डब्यात जपून ठेवायचे. हे पेटीवर छापलेलंच असतं, असं एखादा नवा सभासद शहाणपणानं सांगायला जायचा. काका त्याच्याकडे असे बघायचे की तो पुन्हा कुणाला पेटी वाचून दाखवायच्या भानगडीत पडायचा नाही.

एवढं सगळं कशासाठी, ते आधी सांगते. रिव्हॉल्व्हरचा बार काढला की हात वर उचलला जातो. लगेच दुसरी गोळी मारायची तर तो हात परत खाली आणावा लागतो आणि तेवढ्यात नेम जातो. म्हणून आमच्या मंडळाच्या खुल्या गटात नळीच्या तोंडाशी कंपेन्सेटर बसवतात. पोलादाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मधून गोळीला जायला भोक आणि वरच्या अंगाला फटी. गोळीमागून येणारा गरम वायू त्या फटींतून वर निघतो आणि नळीला खाली दाबतो. बस, एवढंच. पण एकच कंपेन्सेटर सगळ्या गोळ्यांना चालत नाही. जॅकेटवाली गोळी कडक असते, तिच्यामागं जोरही जास्त असतो; तिला अरुंद भोक आणि जास्त फटी. शिशाची गोळी मऊ. ती जाता जाता आपलं अंग आत खरवडून ठेवते, म्हणून तिला भोक ऐसपैस हवं आणि फटी कमी. आणि कागदाला गोल भोक पाडायला सपाट डोक्याची जी हलकी गोळी वापरतात, तिच्यामागं वायूच इतका थोडा की कंपेन्सेटर बसवला काय, न बसवला काय. असा कुणी आला की काका म्हणायचे, “तुला हे बसवून काय करायचंय? फोटो काढायचाय का?”

मी कॉलेजात कॉमर्स शिकवते. मला हे यायचं कारण म्हणजे मी त्या टेबलाशी लहानाची मोठी झाले. काका माझ्या आप्पांचे जिवलग दोस्त.

शामकांतकाका भिक्षुकाचे चिरंजीव. त्यांच्या घरात तीन पिढ्या संगमनेरात लग्नं-मुंजी लावत होत्या. ह्यांना मात्र मंत्रांपेक्षा घरातलं कुलूप खोलून परत जोडण्यात गोडी. वडील म्हणायचे, हाताला पळी शोभते, पाना शोभत नाही. काका पानाच घेऊन बसले. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये लेथ शिकवत निवृत्त झाले आणि मधल्या काळात रीतसर परवाना काढून मंडळाच्या हत्यारांची दुरुस्ती बघू लागले. संध्या करून, कपाळाला गंध लावून हा माणूस रिव्हॉल्व्हरच्या नळीत डोळा घालून बसलेला बघितला की नवीन माणूस हबकायचा. सभासद त्यांना ‘बंदूकवाले भटजी’ म्हणायचे. त्याचा त्यांना राग यायचा नाही. ‘साधारण बरं बसवता’ असं कुणी म्हटलं तर मात्र यायचा. नम्रपणा त्यांच्या वाटेला फारसा गेलाच नव्हता. “माझ्या हातचा कंपेन्सेटर हलला असं दाखव आणि माझी मिशी काढ,” हे ते भर मैदानात सांगायचे.

आणि माझे आप्पा, सहादेव, म्हणजे प्रवराकाठचे बागाईतदार. ऊस, डाळिंब, गोठा, दूध डेअरीवर वट. दोघं शाळेत एका बाकावर. आप्पा घरून बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा न्यायचे आणि भटजींचा हा मुलगा भर चातुर्मासात शाळेमागं बसून तो हाणायचा. घरी वास येऊ नये म्हणून मग दोघं लिंबाचा पाला चघळत परतायचे. आप्पांनी ही गोष्ट आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली आहे. काकांनी आयुष्यात एकदाच पौरोहित्य केलं, ते माझ्या बारशाला. पंचांग घेऊन आमच्या ओसरीवर बसले, माझं अक्षर काढलं, आणि दक्षिणा म्हणून ठेचा-भाकरी मागितली. आई अजून सांगते.

आप्पांची रिव्हॉल्व्हर हा आमच्या घरातला चौथा माणूस. जिल्ह्याच्या कलेक्टर ऑफिसात वर्षानुवर्षं खेटे घालून त्यांनी लायसन मिळवलं होतं. लग्नाला जाताना कमरेला लावायचे आणि वर जाकीट मुद्दाम उघडं ठेवायचे. आधी नुसतीच मिरवायची वस्तू होती. काकांनी त्यांना मैदानावर ओढून नेलं. “मिरवतोस ती चालवता तरी यायला हवी,” म्हणाले. पुढं आप्पा बरे नेमबाज झाले आणि मंडळाच्या कमिटीवरही बसले.

मी शाळेत असताना घडलेली एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आप्पांच्या रिव्हॉल्व्हरला पहिल्यांदा कंपेन्सेटर बसवायचा होता. दोघं काकांच्या घरी जेवायला बसले होते. जेवता जेवता काकांनी सहज डावा हात पुढं केला. “सहादू, नमुना दे रे आधी.”

आप्पांचा घास हातातच राहिला. “मला नमुना मागतो तू?”

“सगळ्यांकडून घेतो. रीत आहे.”

“सगळे गिऱ्हाईक हायेत तुझे. मी काय गिऱ्हाईक हाय का? मी जॅकेट म्हनलो तर जॅकेट. माझ्या शब्दावर तुझं नख फिरवायचं आसंल तर ठेव तुझं ते कंपेन्सेटर तुझ्यापाशीच.” आणि भरल्या ताटावरून उठले.

पुढं कित्येक दिवस बोलणं बंद. संक्रांतीला शेवटी काकाच तिळगूळ घेऊन आमच्या मळ्यात आले. “चुकलो,” म्हणाले, “घरच्या माणसाचा नमुना नाही घ्यायचा.” आप्पांनी मिठी मारली, आईनं गूळ-शेंगदाणे पुढं ठेवले आणि प्रकरण मिटलं. तेव्हापासून काकांची रीत पक्की झाली. साऱ्या मंडळाचा नमुना घ्यायचा. सहादूचा घ्यायचा नाही. मी नेमबाजी शिकायला लागले तेव्हा माझाही कधी घेतला नाही. “काका, जॅकेट,” म्हटलं की बसवायला सुरुवात. मला त्याचा केवढा तोरा वाटायचा! रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर मी मुद्दाम मोठ्यानं सांगायचे.

आता यंदाच्या स्पर्धेकडे येते. मैदान म्हणजे हायवेपासून आत, डोंगराच्या पोटाशी एक बंद पडलेली खाण आहे, ती आम्ही बांध घालून तयार केली आहे. आप्पा खुल्या गटात होते. मी पत्र्याच्या शेडखाली बघत उभी होते. आप्पांचे सुरुवातीचे बार झकास गेले. शेडखालून वाहवा झाली. मग एक बार निराळाच वाजला. आवाज फाटल्यासारखा. नळीच्या तोंडाशी ठिणग्या उडाल्या आणि शेजारच्या रांगेतला रविराज, आमच्याकडचा टाइल्सचा दुकानदार, गालावर हात दाबून खाली बसला. बोटांतून रक्त येत होतं. कंपेन्सेटर फुटून त्याचा एक तुकडा त्याच्या गालात घुसला होता. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

दवाखान्यात टाके पडले. इकडं धनश्रीमॅडमनी, म्हणजे आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी, आप्पांची रिव्हॉल्व्हर सगळ्यांसमोर उघडली. उरलेल्या गोळ्या शिशाच्या होत्या. आणि फुटलेला कंपेन्सेटर अरुंद भोकाचा, जॅकेटच्या गोळीचा. आत शिसं थरावर थर बसलं होतं. कुणालाही कळावं इतकं ते उघड होतं. शिसं साठत गेलं, भोक बुजत आलं आणि शेवटी एक गोळी आत अडखळली.

प्रश्न एवढाच राहिला की काकांनी तो बसवला कसा.

दुसऱ्या रविवारी शेडखाली कमिटी बसली. धनश्रीमॅडम वकील आहेत, त्यांनी सरळ विचारलं, “शामकांतराव, सहादेवरावांनी तुम्हाला कोणती गोळी सांगितली होती?”

“जॅकेटची,” काका म्हणाले.

मॅडम आप्पांकडे वळल्या. आप्पा खुर्चीत नीट सावरून बसले. “न्हाई. मी शिशाचीच सांगितली हुती. तो इसरला आसंल. वय झालंय आता आमचं.”

मला काही कळेना. दोघांपैकी कुणीतरी विसरलं असणार, एवढंच मी मनाशी घोकत राहिले. या दोघांतला एक खोटं बोलत असेल हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं.

“मग नमुना काढा की,” मागून कुणीतरी म्हणालं. “सगळ्यांचा डब्यात असतो.”

“सहादूचा मी घेत नाही,” काका म्हणाले.

लोक हसले. चांगले खदखदून नाही, तोंडातल्या तोंडात, ते जास्त वाईट. “बघा म्हणजे! आमच्या गोळीला नख लावता, आणि कमिटी मेंबरला सूट!” “भटजी, आता जपमाळ घ्या.”

काका हसणाऱ्यांकडे बघतच नव्हते. ते आप्पांकडे बघत होते. रागानं नाही. ते वाट बघत होते. सहादू आता बोलेल, म्हणेल ‘अरे थांबा, नमुना मीच देत नव्हतो,’ अशा खात्रीनं बघत होते. आप्पा चपलेच्या अंगठ्यानं खडी उकरत राहिले. ते बघणं मला मरेपर्यंत विसरता यायचं नाही.

काकांचं काम काढून घेतलं. टेबल, कंपेन्सेटरची तीन खणांची पेटी, नमुन्यांचा डबा, सगळं मंडळाच्या कुलपात गेलं. परवाना रद्द करावा असं पत्र वर पाठवायचं की नाही ते पुढच्या बैठकीत ठरणार होतं. ज्या माणसानं आयुष्यभर ‘माझ्या हातचा हलला तर मिशी काढ’ म्हटलं, त्याच्या हातून एका माणसाचा डोळा जाता जाता राहिला, असं आता अख्ख्या तालुक्यात बोललं जात होतं.

मी त्याच आठवड्यात कॉलेज सुटल्यावर त्यांच्याकडे गेले. दमयंतीकाकूंनी चहा दिला, पण नेहमीसारखं ‘बस गं निके’ म्हणाल्या नाहीत. काका झोपाळ्यावर पेपर धरून बसले होते. माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. अंगठ्याचं नख कापलं होतं. अगदी मुळापासून, इतर बोटांसारखं. मला एकदम रडू आलं आणि मी काहीतरी कारण सांगून तिथून निघाले.

पुढच्या रविवारी मळ्यात गेले. मावसभावाचं लग्न होतं, आईला कपाटातून बोरमाळ काढायची होती. आमच्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आईचे दागिने आणि आप्पांच्या गोळ्या शेजारीशेजारी असतात. आईचा हात पोचत नाही, म्हणून मी स्टुलावर चढले. बोरमाळेच्या डब्यामागं गोळ्यांची एक नवी कोरी पेटी होती. वेष्टनसुद्धा फोडलेलं नव्हतं. जॅकेटवाली.

“ही कधी आणली गं?” मी सहज विचारलं.

आई खाली साड्या लावत होती. तिनं मान वर न करता सांगितलं. “त्या व्हय? त्या स्पर्धेसाठी आनल्यात नगरवरनं. शामभावजींना सांगूनबी आले हुते हे, जॅकेटच्या आनल्या म्हनून. मग त्या दिवशी सकाळी म्हनले, लई चांगल्या हायेत, कागदावर कशाला फुकट घालवायच्या? जुन्या पडल्यात शिशाच्या, त्याच संपवतो. आन् त्याच घिऊन गेले.” आणि मग तीच विचारायला लागली, “हिरवी नेसू का जांभळी?”

मी स्टुलावरच बसले. आईला आपण काय बोललो त्याचा पत्ताही नव्हता. तिच्या दृष्टीनं ही काटकसर होती, घरातलं आधी संपवायचं आणि नवं मागं ठेवायचं. आमच्या घरात लोणच्याची जुनी बरणी संपल्याशिवाय नवी फुटत नाही. आप्पांनी गोळ्यांचंही तेच केलं. इथवर मी त्यांना माफ केलं असतं. चुकतं माणूस. गोळी ती गोळी, असं वाटलं असेल.

आप्पा गोठ्यात होते, गायीला ढेप घालत. मी पेटी त्यांच्यासमोर धरली.

“आप्पा, काकांना तुम्ही जॅकेट सांगितली होती.”

त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

“व्हय,” आप्पा म्हणाले. “मग? आता गावात दवंडी देऊ?”

“त्यांचं नाव गेलं. लोक हसतात त्यांना.”

“आन् मी खरं बोललो आस्तो तर माझं लायसन गेलं आस्तं. रविराजचे टाके माझ्या बोकांडी बसले आस्ते. शाम्याचं काय जातंय? पेन्शन हाय त्याला. घरी बसंल, पूजा करंल.”

“ते तुमचे दोस्त आहेत, आप्पा!”

“म्हनून तर तो काय बोलला न्हाई ना! परका आस्ता तर भांडला आस्ता.” आणि मग ढेपेचं घमेलं खाली ठेवत, अगदी शांतपणे, जणू व्यवहाराची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, “आन् आसं बघ निके, नमुना घेतला न्हाई ही चूक त्याचीच हाय. रीत हाय ना त्याची? मग पाळायची. मी म्हनलो म्हनून काय झालं?”

माझ्या अंगाची आग झाली. नमुना मागितला म्हणून भरल्या ताटावरून उठणारा माणूस हाच. त्या माणसानं तिळगूळ घेऊन मळ्यात यावं, ‘चुकलो’ म्हणावं, आपल्यासाठी स्वतःची रीत मोडावी, आणि ह्यानं ती मोडलेली रीतच त्याच्या गळ्यात बांधावी! मी आप्पांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मुलीनं बापाला बोलू नये असं बरंच बोलले. लहानपणापासून त्यांच्या शब्दावर मी रांगेत ताठ मानेनं उभी राहायचे. त्या शब्दाचं त्यांनी असं मातेरं केलं. फसवलं त्यांनी काकांना, पण फसवल्यासारखं मलाच वाटत होतं. ते अजून गेलेलं नाही.

आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात जांभळी साडी. तिला आता सगळं कळलं होतं.

मी तशीच गाडी काढून धनश्रीमॅडमच्या घरी गेले. बैठकीची वाट बघितली नाही. बघितली असती तर कदाचित धीर सुटला असता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे सगळ्यांसमोर बोलशील?” मी हो म्हटलं.

आणि बोललेसुद्धा. त्याच शेडखाली, आप्पा समोर बसलेले असताना. आई काय म्हणाली, आप्पा गोठ्यात काय म्हणाले, आणि ताटावरून कोण उठलं होतं, तेही. काका आले नव्हते. मी बोलत असताना कुणी हसलं नाही. मागच्या वेळी जपमाळ घ्या म्हणणारा माणूस बाहेर जाऊन फोनवर बोलायला लागला.

आप्पा उठले. रविराजकडे पाहिलं नाही, मॅडमकडे पाहिलं नाही. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, “पोटची पोर फितूर झाली.” आणि निघून गेले. त्यांना कमिटीतून काढलं, सभासदत्वही गेलं. लायसनचं काय व्हायचं ते सरकार ठरवेल. रिव्हॉल्व्हर सध्या पोलीस ठाण्यात जमा आहे. आप्पा आता लग्नाला जातात ते जाकिटाची बटणं लावून.

मी मळ्यात गेले तर जेवायला वाढतात, पण आप्पा माझ्या पंगतीला बसत नाहीत. आई वाढता वाढता एकदा म्हणाली, “खरंच बोललीस तू. पन बापाचं राखलं न्हाई.” मला तिचा राग आला नाही. ती खोटं बोलत नव्हती.

मंडळानं काकांची माफी मागितली. धनश्रीमॅडम स्वतः घरी जाऊन आल्या. काकांनी चहा पाजून त्यांना परत पाठवलं, येतो म्हणाले नाहीत. मी दोनदा गेले, तर काकूंनी दारातूनच सांगितलं, “झोपलेत.” दुसऱ्यांदा तर आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता.

शेवटी त्यांना परत आणलं ते रविराजनं. गालावर व्रण घेऊन तो त्यांच्या झोपाळ्याशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काका, मला पुढच्या स्पर्धेत उतरायचंय, आणि तुमच्या हातचा नसेल तर मी उतरणार नाही.” दुसऱ्या रविवारी सकाळी काका मैदानावर आले. कपाळाला गंध, खांद्याला तीच कापडी पिशवी. लोकांनी वाट करून दिली. त्यांनी टेबल पुसलं, पेटी उघडली, तिन्ही खणांतले कंपेन्सेटर एकेक करून उजेडात धरून बघितले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मिटलं. मी जे केलं त्याचं चीज झालं.

मी रांगेत उभी राहिले. माझ्या हातात मंडळाची रिव्हॉल्व्हर आणि मंडळाचीच गोळ्यांची पेटी. माझ्या पुढच्यांचे नमुने त्यांनी घेतले, नख दाबून पाहिले. नख अजून पुरतं वाढलेलं नव्हतं. दोनदा दाबावं लागत होतं. माझी पाळी आली. किती दिवसांनी मी त्यांच्या इतकी जवळ उभी होते! मी पूर्वीसारखीच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काका, जॅकेट.”

त्यांनी रिव्हॉल्व्हरला हात लावला नाही. तळहात पुढं केला.

“नमुना.”

मला वाटलं, चिडवताहेत. मी हसून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत नव्हते. रागावलेही नव्हते.

“काका, मी आहे. निकी.”

“हो,” ते म्हणाले. “सहादूची मुलगी. माहीत आहे मला.”

हात तसाच होता. मागं रांग उभी होती. माझ्या बारशाला पंचांग उघडणारा हात तो. मला ओरडून सांगावंसं वाटलं की तुमच्यासाठी मी बाप सोडला, काका, आणखी काय करू? पण त्यांनी ते मागितलंच नव्हतं. त्यांनी नमुना मागितला होता.

मी पेटीतून एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चिमटीत धरली आणि माझ्यासमोर तिच्या टोकावर नख दाबलं. एकदा, मग पुन्हा एकदा. नख घसरलं.

“जॅकेटच आहे,” काका म्हणाले, आणि गोळी डब्यात टाकली, सगळ्यांच्या नमुन्यांबरोबर.